सेंट व्हालेरीच्या बंदरातला एक तास

नंद्या, तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, किती शांतपणे गेला हो. सुलभावहिनी मान हलवतात, मी चहाचे कप उचलून आत नेतो. शांतपणे जा असं तुला सांगितलं कुणी होतं, हे कुणीच विचारत नाही. मला तुझा राग आलाय. पहिल्या दिवशी वाटलं, हा दुःखाचाच प्रकार असेल, चार दिवसांनी निवळेल. निवळला नाही, उलट परवापासून वाढलाच आहे, आणि त्याचं कारण तुझा तो निळा प्लास्टिकचा डबा.

डब्याकडे येतो. आधी हे आठ महिने.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी तुला सगळं स्पष्ट सांगितलं होतं, हे मला ऑक्टोबरात कळलं. मधल्या काळात आपण किती वेळा भेटलो? जुलैपर्यंत दर शनिवारी तरी. मी म्हणायचो, बारीक झालायस, तू म्हणायचास, सुलभाने तेल बंद केलंय. मार्चमध्ये आपण दोघांनी मिळून गिझेलाचा तळ खरवडला. तू दर दहा मिनिटांनी स्टुलावर बसत होतास आणि मी तुला आळशी म्हणत होतो. जुलैच्या शेवटी मी फ्रान्सच्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं नवीन पुस्तक घेऊन तुझ्याकडे आलो, ऑगस्टमध्ये निघायचं म्हणून. तू पुस्तक हातातही घेतलं नाहीस. ‘या वर्षी उर्लाउब मिळत नाही रे,’ म्हणालास. रजा मिळत नाही! बावीस वर्षं लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला दोन आठवडे मिळत नाहीत, यावर मी विश्वास ठेवणार होतो? नाहीच ठेवला. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला. मी तोंडाला येईल ते बोललो आणि नऊ आठवडे तुला फोन केला नाही. नऊ आठवडे, नंद्या. तुझ्याकडे सगळे मिळून किती उरले होते ते तुला माहीत होतं, मला नव्हतं. हा कुठला न्याय?

मग एक दिवस वहिनींचा फोन आला, ‘विनूभाऊजी, हॉस्पिटलात या.’ आलो. तुझा आवाज खोल गेला होता. मला जवळ बोलावून तू विचारलंस, ‘गिझेलावर ताडपत्री घातलीस का?’ मी म्हटलं, घातली. घातली नव्हती. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी जाऊन घातली.

ज्यांना गिझेला माहीत नाही त्यांना वाटेल कोण ही बाई. वहिनी तिला माझी सवत म्हणायच्या. साडेसहा मीटरची जुनी मोटरबोट, पुढे दोन माणसं झोपतील एवढी केबिन, मागे इंजिन. आधीच्या जर्मन मालकाने बायकोचं नाव दिलेलं. तुला ते बदलायचं होतं, पण त्यासाठी तीन ठिकाणी फॉर्म भरावे लागतील असं कळलं आणि तू म्हणालास, राहू दे, बाई चांगली असेल. आपण दोघांनी मिळून ती घेतली तेव्हा मी पोहायलाही शिकलेलो नव्हतो. तू हर्णैचा, मी पुण्याचा. पाण्यातलं तुला कळायचं आणि कागदावरचं मला. वाटणी ठरली होती आणि ती दोघांनाही मान्य होती, असं मी आत्तापर्यंत समजत होतो.

सात वर्षांपूर्वी, युरोची नाणी नवीन होती त्या उन्हाळ्यात आपण तिला ट्रेलरवर घालून नॉर्मंडीला नेलं. तू, मी आणि तुझी गार्गी. ती अकरा वर्षांची होती. वहिनींना बोट लागते म्हणून त्या घरी राहिल्या, आणि माझी बायको मुलांना घेऊन पुण्याला गेली होती. मी यावं म्हणून तू हट्ट धरला होतास. त्याच वसंतात मानहाइमच्या लॅबमध्ये माझ्या हातून एक दशांशचिन्ह चुकलं होतं. दोन आठवड्यांचं काम वाया गेलं, माझ्याकडून प्रोजेक्ट काढून घेतलं, आणि मी घरात कुणाशी बोलेनासा झालो होतो. तू एका रविवारी आलास, बॅग भरलीस आणि म्हणालास, ‘चल. तिथे भरतीचे तक्ते बघायला माणूस पाहिजे.’ त्यासाठी मी तुझा आभारी आहे. आजही आहे. राग आहे म्हणून ते खोटं होत नाही.

फेकांच्या बंदरात आपण तीन दिवस होतो. खडूचे पांढरे कडे पाहून तू म्हणालास, ‘विन्या, साऱ्या महाराष्ट्रातल्या मास्तरांना जन्मभर पुरेल.’ धक्क्यावर ताजे बांगडे मिळाले. घरून आणलेली तिरफळं घालून तू केबिनमधल्या एका शेगडीवर कालवण केलंस. शेजारच्या बोटीवरचं फ्रेंच जोडपं वास घेत उभं राहिलं, तर तू त्यांनाही वाटीभर दिलंस. गार्गी दिवसभर तुझ्या मागे असायची. दोरीची गाठ, नांगर, इंजिनाचं तेल, सगळं तिला यायला हवं होतं. ‘पापा, नोख माल,’ पुन्हा दाखव, पुन्हा दाखव. तू मराठीत सांगायचास, ती जर्मनमध्ये विचारायची, आणि दोघांचं सुरळीत चालायचं.

तिथे भरतीला पाणी तीन पुरुष उंच चढतं. काही बंदरांची दारंच भरतीच्या आधी दोन तास उघडतात आणि नंतर दोन तासांनी बंद होतात. त्यामुळे वेळ कळणं महत्त्वाचं. मी रोज पुस्तकातला छापील तक्ता बघायचो. तू बघायचास कालनिर्णयासारखं ते घरचं कॅलेंडर, जे तू घडी घालून बोटीवर आणलं होतंस. तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. चतुर्थी असली तर चारचे पाऊणपट तीन, म्हणून तीनला भरती. तुझे आजोबा असंच करायचे, त्यांच्या आधीचेही. मला हसू यायचं. हर्णैची तिथी फ्रान्सला कशी लागू पडेल, मी विचारलं. तू म्हणालास, ‘चंद्र एकच आहे ना?’ आणि दोन दिवस धक्क्याच्या भिंतीवरची शेवाळाची रेघ बघत बसलास. अमावास्येला म्हणालास, ‘इथे पाऊणपटीत एक तास मिळवायचा. मग बरोबर बसतं.’ मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, आता शेवाळावरून विज्ञान.

द्वितीयेच्या सकाळी सेंट व्हालेरीला निघायचं होतं. दोन तासांचा रस्ता. तू चहा ढवळत हिशोब केलास, ‘दोनचे पाऊणपट दीड, त्यात एक, अडीच. अडीचला भरती, म्हणजे दार साडेबाराला. दहाला निघू.’ मी तक्ता तुझ्यापुढे धरला. त्यात एक वीस होतं. म्हणजे दार अकरा वीसला, म्हणजे नऊलाच निघायला हवं, आत लवकर जागा मिळेल. तू एकदा म्हणालास, ‘तास आधी होईल रे.’ मी म्हणालो, ‘नंद्या, हे छापलेलं आहे.’ तू माझ्याकडे पाहिलंस आणि उठून दोऱ्या सोडल्यास. त्या दोन महिन्यांत मी पहिल्यांदाच कशाबद्दल तरी ठामपणे बोललो होतो. तुला ते दिसलं असणार.

अकरा वाजता आपण सेंट व्हालेरीच्या तोंडाशी होतो. वायव्येचा वारा होता, मागून लाटा येत होत्या. दोन्ही बाजूंना लांब धक्के आणि मधून वाट. तू सुकाणूवर, मी तक्ता मांडीवर घेऊन, गार्गी पुढे दोरी हातात धरून उभी. अर्ध्या वाटेवर गिझेला खाली टेकली. गोट्यांवर. लाटेने उचललं आणि आपटलं, पुन्हा उचललं आणि आपटलं. गार्गी तोंडावर पडली. इंजिन बंद पडलं. तू एका हाताने तिला धरलंस आणि दुसऱ्या हाताने वल्हं भिंतीला लावून बोट आडवी होऊ दिली नाहीस. मी काय करत होतो? मी पुस्तक भिजू नये म्हणून शर्टाखाली घातलं होतं. वीसेक मिनिटांत पाणी वाढलं, आपण सुटलो, आणि एका मच्छीमाराने दोरी टाकून आपल्याला आत ओढलं.

गार्गीचा पुढचा दात अर्धा तुटला होता. हनुवटीवर रक्त होतं. मी तिच्यासमोर ओरडलो, ‘नंद्या, मधून घ्यायला काय झालं होतं तुला? उजव्या धक्क्याला गोटे साचलेत ते नकाशात दाखवलंय!’ तू भिंतीकडे पाहिलंस. शेवाळाची रेघ डोक्याच्या कितीतरी वर होती. मग माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, भांडशील. तू म्हणालास, ‘चुकलं माझं.’

आणि गार्गी रक्ताळलेल्या तोंडाने म्हणाली, ‘पापा कान निश्ट फारेन.’ बाबाला चालवता येत नाही.

तासाभराने आपण आतल्या गोदीकडे गेलो तर दार उघडं होतं. मी त्याकडे हात करून म्हटलं, बघ, वेळ बरोबरच होती. तू दोरी गुंडाळत राहिलास. त्या दिवसानंतर गार्गी गिझेलावर चढली नाही. दुसऱ्या वर्षी तिला पोहण्याचा कॅम्प होता, तिसऱ्या वर्षी मैत्रिणीकडे जायचं होतं, मग कारणं सांगणंही बंद झालं. आपण दोघेच जात राहिलो. गाठ मारताना तू कधीकधी मागे वळून बघायचास. मला वाटायचं, मान अवघडली असेल.

आणि मी ती गोष्ट दर गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये सांगितली. सात गणपती. कोकणातला दर्यावर्दी आणि त्याला धक्का दिसला नाही. वाटच नाही दिसली हो. लोक हसायचे, तूही हसायचास, मोदकाची ताटली हातात धरून. गार्गी कोपऱ्यात मोबाइलवर बोटं चालवत बसलेली असायची. एकदा कुणीतरी तिला विचारलं, तू होतीस ना तेव्हा? ती म्हणाली, ‘जा, लायडर.’ हो, दुर्दैवाने. त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला होता.

आता डबा. बोट विकायची म्हणून वहिनींनी परवा कागदांचा तो निळा डबा मला दिला, विनूभाऊजी, यातलं काय ठेवायचं तुम्हीच बघा. विम्याची पत्रं, इंजिनाची पावती, आणि तळाशी ते पुस्तक, त्या उन्हाळ्याचं, माझ्या शर्टाखाली घडी पडलेलं. मी सहज उघडलं. त्या दिवसाच्या ओळीसमोर पेन्सिलीने तुझं अक्षर होतं. दोन गुणिले पाऊण, दीड, अधिक एक, अडीच. शेजारी माझे एक वीस. आणि त्याच्यापुढे पुन्हा अधिक एक, दोन वीस. पानाच्या तळाला फ्रेंचमध्ये बारीक टाइपात एक ओळ आहे, तिच्याखाली तू रेघ मारली होतीस. मला फ्रेंच येत नाही, पण एका ओळीतले शब्द शब्दकोशात बघता येतात. तक्त्यातल्या वेळा हिवाळ्याच्या घड्याळाच्या आहेत. उन्हाळ्यात एक तास मिळवावा.

आपल्याकडे भारतात घड्याळ पुढे-मागे करायची पद्धतच नाही. पंधरा वर्षं इथे राहून, दर मार्चमध्ये घरातली सगळी घड्याळं स्वतः तासभर पुढे करून, मला सुचलं नाही की छापलेला आकडाही कुठल्यातरी घड्याळाचा असतो. तू धक्क्याजवळून घेतलीच नव्हतीस. पाणीच नव्हतं. तासभर आधी मी तुला तिथे नेलं होतं. मी नेलं होतं, आणि तुला ते भिंतीकडे पाहिल्या क्षणी कळलं होतं.

मी वहिनींना फोन केला. तुम्हाला माहीत होतं का? त्या म्हणाल्या, ‘हो. घरी आल्यावर त्यांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, अहो, मग सांगा ना तसं, पोरगी तुमच्याशी धड बोलत नाहीये. तर म्हणाले, विन्याला या वर्षात आणखी एक आकडा चुकल्याचं कळायला नको. पुढच्या वर्षी सांगतो.’

पुढच्या वर्षी! कुठल्या? सात पुढची वर्षं आली, नंद्या. पहिल्या वर्षी माझी मनःस्थिती वाईट होती, मान्य. दुसऱ्या वर्षी मला दुसरी नोकरी लागली होती, मी तुला जेवायला नेलं होतं, त्या दिवशी का नाही बोललास? मी मंडळात तुझी टिंगल करत होतो तेव्हा ताटली खाली ठेवून एवढंच म्हणायचंस, मूर्खा, हिवाळ्याचं घड्याळ होतं ते. लोक माझ्यावर हसले असते. हसू दे की. मी काय मेलो असतो?

तू मला दुबळा समजलास. याला लोक मोठं मन म्हणतील, त्या सोळा दिवसांतल्या पाहुण्यांना सांगितलं तर त्यांचे डोळे भरून येतील. मी नाही म्हणणार. तू परस्पर ठरवलंस की विन्याला हे झेपणार नाही. मग फेब्रुवारीत पुन्हा ठरवलंस की तेही झेपणार नाही. आणि माझी समजूत काढायला पैसे कुणाच्या खिशातून दिलेस? स्वतःचे दिले असतेस तर ठीक. तू तुझ्या मुलीचे सात उन्हाळे दिलेस. ते द्यायचा तुला काय अधिकार होता? आणि मला ते घ्यायला लावायचा? मी मागितले नव्हते. आता परत कसे करू, ते तरी सांगून जायचंस.

एवढं सगळं लिहिलं आणि तरी बांगड्याचं ते कालवण आठवतं. मला उलट्या होत होत्या तेव्हा तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला होतास, क्षितिजाकडे बघ, बाकी कशाकडे बघू नकोस, तेही आठवतं. त्यानेच जास्त राग येतो. नालायक माणसावर रागावून मोकळं होता येतं.

परवा रात्रभर मी विचार केला की पुस्तक डब्यात तसंच ठेवावं. तूच लपवलंस, मी कशाला काढू? गार्गी आता अठरा वर्षांची आहे, तिची परीक्षा तोंडावर आहे, तिला आणखी त्रास कशाला. मग लक्षात आलं की हे सगळं मी तुझ्याच आवाजात बोलतोय. काल संध्याकाळी पुस्तक घेऊन तुमच्याकडे गेलो.

ती स्वयंपाकघरात होती. मी पान उघडून टेबलावर ठेवलं आणि बसायच्या आधीच सगळं सांगितलं. तास माझा चुकला. तुझा बाबा दहाला निघू म्हणत होता. त्याने बोट नीट चालवली होती. तू पडलीस ती माझ्यामुळे. ती ऐकत होती. जिभेने तो बसवलेला दात चाचपडत होती, तिला ती सवयच आहे.

‘वारूम?’ ती म्हणाली. का? एवढंच. कशाबद्दल विचारतेय ते मला कळेना, मी का सांगितलं की तू का नाही सांगितलंस. मी म्हटलं, ‘मला वाईट वाटू नये म्हणून.’

‘उण्ड इख?’ आणि माझं काय? ती जोरात म्हणाली. मग रडली. तू गेल्यापासून ती रडली नव्हती, वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आत आल्या नाहीत. मी तिला जवळ घेतलं नाही. तो अधिकार मला आहे असं वाटलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने पुस्तक ओढून घेतलं. तुझ्या पेन्सिलीच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. तुझं ते कॅलेंडर अजून फ्रिजशेजारी लटकतंय, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा आकड्यांकडे. दोन, पाऊण, दीड. लहानपणी रोज सकाळी तू ते मोठ्याने म्हणायचास आणि ती त्याला क्वाच म्हणायची, बाष्कळपणा. मग तिने विचारलं, जर्मनमध्येच, हे तुला करता येतं का, बाबासारखं.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मला तक्ता बघता येतो.’

तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून स्वच्छ मराठीत म्हणाली, ‘विनूकाका, तुला तेही येत नाही.’

दारातून वहिनी म्हणाल्या, ‘गार्गी!’ मी म्हटलं, राहू द्या वहिनी, खरं आहे ते. ती तुझ्यासारखी नाही, नंद्या. ती तोंडावर सांगते.